सोप्रानोजमधलं होल्स्टेन्स, मुद्दाम जाण्यासारखं आहे का?

घंटाळीकर
आईबाबांना घेऊन ताईकडे न्यू जर्सीत एडिसनला चाललोय. बाबांची लिस्ट ठाण्यातच तयार झालीये, नायगारा, वॉशिंग्टन, सगळं. माझी एकच मागणी, ब्लूमफिल्डला होल्स्टेन्स आइस्क्रीम पार्लरमध्ये न्या, सोप्रानोज या माफियावरच्या अमेरिकन सिरीयलचा शेवटचा सीन झाला तिथे. ताई म्हणते एका टेबलासाठी एवढी गाडी कोण हाकतं. त्या टेबलावर अजून बसायला मिळतं का?

नेरूळवाली
ते टेबल गेलं की विकून! २०२४ च्या मार्चमध्ये ईबेवर लिलाव झाला, ८२,६०० डॉलर आले, तेव्हाच्या भावाने ६८ लाखांच्या आसपास, एवढ्यात कळव्याला फ्लॅटचं बघता आलं असतं. बाकं, टेबल, मधलं पार्टिशन आणि सोप्रानो फॅमिलीसाठी राखीव अशी पाटी, सगळं एकत्र गेलं. लोक येऊन येऊन बसून बाकं पार खिळखिळी झाली होती, मग नवीन बसवली.
तरी जाच. मी भाचीबरोबर गेले होते, मला सिरीयलचं काही घेणंदेणं नाही, पण दुकान १९३९ चं आहे, मूळचं आइस्क्रीम पार्लर, आइस्क्रीम आणि चॉकलेट अजून स्वतः बनवतात. शूटिंगवाले आले नि गेले, दुकान त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. आईबाबांना तिथलं आइस्क्रीम नक्की आवडेल. त्या सीनमध्ये खातात त्या ओनियन रिंग्ज घ्यायच्याच असतील तर पिठात अंडं आहे का ते काउंटरवर विचारून घ्या.

कोपरी_ईस्ट
आणि टेबलावर तो छोटा ज्यूकबॉक्स शोधत बसू नकोस, ते शूटिंगसाठी आणून ठेवलेलं प्रॉप होतं, दुकानाचं नव्हे. तो एपिसोड लागला १० जून २००७ ला, बाहेर हिरो टोनीची मुलगी मेडो गाडी पार्क करतेय, दारावरची घंटा वाजते, टोनी वर बघतो आणि एकदम काळोख. अमेरिकेत कित्येकांना वाटलं केबलच गेली. टोनी मेला की जगला यावर लोक अजून भांडतायत. माझ्या मते मेला, विषय संपला.

पाचपाखाडी_नाइट
अरे स्पॉइलर तरी लिही आधी, मी सीझन ३ वर आहे 😡

कोपरी_ईस्ट
२००७ चं आहे रे ते, अजून किती वर्षं थांबायचं?

नेरूळवाली
भांडू नका. @घंटाळीकर बाकीची ठिकाणंही करायचा विचार असेल तर कर्नीचं सॅट्रियाल्स, सिरीयलमधलं मटणाचं दुकान, ते सोडा, ती इमारत २००७ मध्येच पाडली. आणि सिरीयलमधल्या बाडा बिंग क्लबच्या नादाला लागून आईबाबांना लोडायला नेऊ नका हं, त्याचं शूटिंग खऱ्याखुऱ्या स्ट्रिप क्लबात झालेलं.

घंटाळीकर
थँक्यू मावशी, वाचलो. बाबांना आख्खा मॅप व्हॉट्सॲप केलाय कालच, लोडायसकट. आत्ता डिलीट फॉर एव्हरीवन होतंय का बघतो.