मदत हवी आहे: केमो चालू असलेल्या आईसाठी फोनवर मराठीत काही सोय आहे का?

नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची, स्तनाचा कर्करोग. उपचार मुंबईत, पण दर २१ दिवसांनी केमो घेऊन ती सांगोल्याजवळच्या गावी परत जाते. मी पुण्यात. खरी काळजी या मधल्या दिवसांचीच आहे.

मागच्या केमोनंतर नवव्या रात्री तिला १०१ ताप आला. रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण याच सुमारास सर्वांत कमी असतात, आणि १००.४ च्या वर ताप गेला की लगेच दवाखाना गाठायचा असतो. सूचनांचा कागद होता, पण इंग्रजीत, आणि तोही पिठाच्या डब्याखाली! "रात्री पोरीला कशाला उठवू," म्हणत तिनं ताप सकाळपर्यंत अंगावर काढला. थोडक्यात निभावलं.

तिला वाचायचा कंटाळा, पण व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप आवडीनं ऐकते. रोज मराठीत ताप, उलट्या, तोंड येणं विचारणारं आणि गरज पडली तर नर्सचा फोन येईल असं एखादं अ‍ॅप किंवा सेवा कुणी वापरली आहे का? ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवा) केमोच्या त्रासाबद्दल नीट सल्ला मिळतो का?

अजून एक. घरात स्मार्टफोन एकच, तोही बाबांकडे. त्यांच्यासमोर छातीच्या जखमेबद्दल ती चकार शब्द काढत नाही. वेगळा फोन घेऊन देऊ, की दुसरं काही सुचतंय? पुढची केमो सोमवारी आहे.