‘एस्केप सीक्वेन्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : टर्मिनलवर (हुकूम टाइप करून संगणक चालवायच्या खिडकीत) चालणाऱ्या एका प्रोग्रामची माहितीपुस्तिका मराठीत लिहिते आहे. प्रोग्राम चुका लाल अक्षरांत दाखवतो, फाइलच्या नावावर क्लिक केलं की फाइल उघडते. हे ज्यामुळे घडतं त्या ‘एस्केप सीक्वेन्स’ला मी ‘पलायनक्रम’ लिहिलं, पण ते फार खटकतंय.

उत्तर : ‘पलायन’ नकोच, इथे कोणी पळून जात नाही. संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांनी १९६० मध्ये ‘एस्केप’ हे चिन्ह सुचवलं ते अक्षरांच्या एका संकेतसंचातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरता यावं म्हणून. संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की तक्त्यात त्याचा क्रमांक २७. ते आलं की टर्मिनल पुढची काही अक्षरं दाखवत नाही, हुकूम म्हणून वाचतं. २७ नंतर डावा चौकोनी कंस, ३१ आणि लहान एम आला की पुढचा मजकूर लाल. ३१ ऐवजी ० आलं की पूर्ववत. मुद्रितशोधक समासात करतो त्या खुणा खिळे जुळवणारा वाचायचा, छापायचा नाही. काम तेच, म्हणून मी सरळ ‘खूण’ म्हणेन. रंगाची खूण, दुव्याची (लिंकची) खूण.

प्रश्नकर्ती : ‘खूण’ छान बसतो! पण ‘दुवा देणे’ म्हटलं की आशीर्वाद वाटतो ना?

उत्तर : तो घोळ ‘देणे’मुळे होतो. ‘दुवा जोडा’ लिहा, कडीचा अर्थ लगेच लागतो. पहिल्या खुणेत पत्ता असतो, मग दिसणारा मजकूर, मग तीच खूण पत्ता रिकामा ठेवून. ही शेवटची राहिली तर पुढचा मजकूरही दुव्यातच जातो. तिला ‘मिटती खूण’ म्हणा. टर्मिनलांमध्ये ही सोय २०१७ पासून येऊ लागली.

आणखी एक : बोल्डला ‘जाड’ लिहू नका. १ क्रमांकाच्या खुणेने काही टर्मिनलं अक्षर जाड करतात, काही नुसता रंग उजळ करतात. ‘ठळक’मध्ये दोन्ही मावतात. आणि आउटपुट फाइलमध्ये वळवलं तर खुणाही फाइलमध्ये उतरतात, मग ओळीओळीत कंस आणि ३१ दिसत राहतात. आउटपुट टर्मिनलवर जात नसेल तेव्हा प्रोग्रामने त्या टाकूच नयेत. आम्ही याला ‘खुणा गाळणे’ म्हणतो. पुस्तिकेत हे जरूर घ्या.