अनुभव धागा: आई-बाबा बाहेरून आले, आपण इथंच जन्मलो. कमाईत किती फरक पडला?

२०२५ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला. युरोप-उत्तर अमेरिकेतल्या नऊ देशांत बाहेरून आलेले लोक स्थानिकांपेक्षा सरासरी १७.९ टक्के कमी कमावतात. त्यांच्या तिथंच जन्मलेल्या मुलांची तूट मात्र, ज्या देशांचे आकडे मिळाले तिथं, सरासरी ५.७ टक्के. पहिल्या पिढीच्या तुटीतला पाऊण हिस्सा चांगल्या पगाराच्या कामापर्यंत पोचताच येत नाही म्हणून. वाचलं आणि बाबा डोळ्यापुढं आले.

बाबा चंदगडहून बेळगावला आले, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत फेटलिंगला लागले. ओतीव माल घासून साफ करायचा. जेवायच्या आधी बोटांना खोबरेल लावून नखांतली काळी वाळू काडीनं काढत बसायचे. भिंतीपलीकडं मशीनशॉप, तिथं पगार जास्त. बावीस वर्षांत ती भिंत काही ओलांडता आली नाही. आयटीआय नाही, कन्नड नाही, शब्द टाकणारं कुणी नाही. मी शाळेत कन्नड शिकलो, आयटीआय केलं, आता त्याच वसाहतीत सीएनसीवर आहे. बाजूच्या मशीनवरचा मुलगा पिढ्यान्‌पिढ्यांचा बेळगावकर. पगार दोघांना सारखाच. पण बाबा माझ्याहून कमी राबले नाहीत, हे मला मोठ्यानं सांगायचंय.

तुमच्या घरचं लिहा.

खानापूर, आता म्हापसा
आई इथं धुणीभांडी करायला आली, माझा जन्म इथलाच. गोव्यात सरकारी नोकरीला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, कोकणी यावी लागते. माझ्याकडं दोन्ही होतं, कारकून झाले. आईच्या चौपट मिळवते. तरी ती एका घरी अजून जाते, त्या बाई एकट्या असतात म्हणून. कुणी 'घाटी' म्हटलं की आई गप्प होते. मी कोकणीतूनच उत्तर देते.

वडगाव
आमच्यात उलटं झालं बघा. बाबा सावंतवाडीहून आले नि कारखान्यात पर्मनंट झाले. पीएफ, बोनस, सगळं. मी इथला, पदवीधर, अकरा-अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर. महागाई धरली तर बाबाच जास्त कमवत होते. फार लागतं हे मनाला.

टिळकवाडी, सध्या जर्मनी
बेळगावात इंजिनिअर झालो, पण भाषा येत नव्हती म्हणून इथली पहिली दोन वर्षं गोदामात खोकी उचलली. मुलगी इथंच जन्मली, चौथीत आहे. ऑफिसची जर्मन मेल पाठवायच्या आधी मी तिला वाचून दाखवतो. ती चुका काढते.