माइनक्राफ्ट, टाउनी सर्व्हर: नव्या गावाची आखणी आणि परवानग्या, मदत हवी आहे

नदीकाठ:
जावा आवृत्ती आहे, टाउनी प्लगिन (गावं वसवून जमिनीवर कोण काय करू शकतं ते ठरवणारं), पैशांचा व्यवहार चालू. पाच जणांचं गाव, २२ चंक (१६ बाय १६ ब्लॉकचे जमिनीचे चौकोन) गावाच्या नावावर क्लेम केलेत, मेयर म्हणजे गावप्रमुख मी आहे.

एकाचं घर २० बाय १४ आहे. प्लॉट त्याच्याच नावावर, तरी घराच्या एका बाजूला त्याला वीट लावता येत नाही, परवानगी नाही असं येतं. दुसरं, प्रत्येक चंकच्या मधोमध मशाल असूनही रात्री झोंबी उगवतात. तिसरं, सामायिक शेतात सगळ्यांना पेरणी-कापणी करता यावी, पण कुंपण शाबूत राहावं. आणि रोजचा खर्च किती धरायचा?

वेशीबाहेर:
घराचं आधी. टाउनीला घर कळत नाही, १६ बाय १६ चा चौकोन कळतो. २० लांबीचं घर किमान दोन चंकांत जातंच. त्यातला एक त्याचा, दुसरा अजून गावाचा, म्हणून तिथे गावाचे नियम लागतात. एफ३ आणि जी एकत्र दाबा, चंकच्या कडा दिसतील. दुसऱ्या चंकात उभे राहून चॅटमध्ये 'प्लॉट फॉरसेल ०' ही कमांड द्या (शून्य किमतीत विक्रीला), मग त्याने तिथेच उभं राहून 'प्लॉट क्लेम' करावं. पुढची घरं १४ बाय १४ च्या आत बसवा, भोवती एकेक ब्लॉक मोकळा राहतो.

मशालीचा उजेड १४, आणि दर ब्लॉकला एकाने कमी होतो. तिरकं अंतर आडवं अधिक उभं असं मोजायचं. मधल्या मशालीपासून कोपरा ८ अधिक ८, म्हणजे १६ ब्लॉक. तिथे उजेड शून्य. माइनक्राफ्टच्या १.१८ आवृत्तीपासून झोंबी ब्लॉकचा उजेड शून्य असेल तिथेच उगवतात, म्हणजे तुमचे चारही कोपरे उघडे आहेत. जिथे चार चंक मिळतात त्या प्रत्येक कोपऱ्यावर एक मशाल वाढवा, सपाट जमिनीवर कुठेही ६ च्या खाली उजेड जाणार नाही. छपरं आणि झाडांखालच्या जागा मात्र वेगळ्या बघा.

शेतबांध:
शेतासाठी एक चंक पुरे. पाणी चार ब्लॉकपर्यंत ओल देतं. एका कोपऱ्यापासून मोजून ५ व्या आणि १२ व्या रांगा जिथे छेदतात त्या चार जागी पाणी ठेवा, उरलेले २५२ ब्लॉक ओले राहतात. मग 'प्लॉट सेट फार्म', आणि त्याच प्लॉटवर रहिवाशांना बिल्ड व डिस्ट्रॉय (लावणं आणि तोडणं) या परवानग्या चालू करा. नुसता प्रकार बदलून भागत नाही, इथेच बहुतेक जण अडतात. फार्म प्लॉटवर पिकांसारखे ठरावीक ब्लॉकच लावता-तोडता येतात, कुंपणाला हात लागत नाही.

वेशीबाहेर:
खर्च सर्व्हरप्रमाणे बदलतो. 'टाउनी प्राइसेस' मध्ये तुमचा आकडा दिसेल, 'टाउनी टाइम' मध्ये पुढची वसुली कधी ते. किमान दहा दिवसांचा खर्च गावाच्या बँकेत ठेवाच. खडखडाट झाला तर सेटिंगप्रमाणे गाव कर्जात जातं नाहीतर मोडतं. रहिवाशांचा कर वाढवून ही तूट भरू नका, कर न भरू शकणारा रहिवासी गावाबाहेर काढला जातो. मूळ सेटिंगमध्ये माणशी ८ चंक मिळतात. एक जण गेला की ४० ची मर्यादा ३२ होते, त्यामुळे उरलेले १८ घाईने घेऊ नका.

नदीकाठ:
घराचं काम झालं, मनापासून आभार. रस्ता दोन प्लॉटच्या कडेवर टाकू का?

वेशीबाहेर:
नको. प्लॉट विकला की मालक अर्धा रस्ता खणू शकतो. चंकची एक सलग ओळ गावाकडेच ठेवा, मधे ५ ब्लॉकचा रस्ता. एका बाजूला ५, दुसऱ्या बाजूला ६ ब्लॉक उरतात, तिथे दिवे, झाडं, विहीर.