मदत हवी आहे: ५० दिवसांचं लॅबचं पिल्लू, पावसाळा आणि पार्व्होची धास्ती

सिंहगडरोडकर
रविवारी ५० दिवसांचं लॅब्रॅडॉर पिल्लू घरी आणलं. वजन साडेचार किलो. ब्रीडरच्या कार्डावर ३५व्या दिवशी 'नाइन इन वन' (एकाच इंजेक्शनात अनेक आजारांवरची लस) दिल्याची नोंद आहे, पण स्टिकर नाही आणि डॉक्टरची सहीही नाही. तिथे ते दूध-बिस्किटांवर होतं. इथे आल्यापासून शी पातळ आहे, खेळतं-खातं मात्र व्यवस्थित. गेल्या महिन्यात तळमजल्यावरचं एक पिल्लू पार्व्होने (पिल्लांना उलट्या-जुलाब करणारा जीवघेणा विषाणू) गेलं, आणि जिना-पार्किंग सामाईक आहे. पुढची लस कधी द्यायची? खाली कधी न्यायचं? फरशी रोज फिनाईलने पुसतो, तेवढं पुरे का?

पाषाणचा पावटा
कार्डावरची ती नोंद विसरा. स्टिकर आणि बॅच नंबर नसेल तर ती लस फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत होती की टेबलावर, कोण सांगणार? आणि खरी असली तरी ३५ दिवस फार लवकर झाले. आईच्या चिकातून आलेल्या अँटीबॉडीज त्या वयात लसच निकामी करतात. त्या ओसरतात साधारण ६ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान, प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी. मध्ये काही दिवस असे येतात की त्या पार्व्होला अडवायला अपुऱ्या, पण लस बाद करायला पुरेशा असतात. म्हणून इंजेक्शनं किती झाली हे मोजू नका, शेवटचं कोणत्या वयात झालं ते बघा.

तुमच्यासाठी ८, १२ आणि १६ आठवडे. शेवटचा डोस ११२ दिवसांच्या आत नको. पुष्कळ ठिकाणी तिसऱ्या महिन्यातच 'कोर्स पूर्ण' म्हणून सांगतात, तिथे अडून बसा. रेबीज १२ आठवड्यांना. महापालिकेच्या परवान्यालाही त्याचंच प्रमाणपत्र लागतं.

शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे थांबा, मग जमिनीवर. तोवर घरात कोंडून मात्र ठेवू नका, १४ आठवड्यांपर्यंत जे बघेल-ऐकेल त्याची भीती राहत नाही. कडेवर घेऊन रिक्षा, शाळेची मुलं, भाजीवाले दाखवा. नदीपात्रातला ढोलाचा सराव लांबूनच ऐकू द्या. दवाखान्यातही फरशीवर ठेवायचं नाही, नंबर येईपर्यंत बाहेर थांबा. आजारी कुत्री तिथेच येतात.

झाडू-पोछा
फिनाईलने पार्व्हो मरत नाही. शिवाय पिल्लू पंजे चाटतं, म्हणजे फिनाईल पोटात. तुम्हाला हवं सोडियम हायपोक्लोराइट, दुकानात ५ टक्क्यांच्या आसपासचं मिळतं. १ लिटर पाण्यात साधारण ३५ मिली. आधी साबणाने घाण पूर्ण काढायची, कारण शी-मातीचा थर असला की क्लोरीन त्यातच संपतं. मग फरशी १० मिनिटं ओली राहू द्या (सगळे चुकतात ते इथेच, लगेच पुसून घेतात), नंतर साध्या पाण्याने पुसा. द्रावण रोज ताजं करा. संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

बागेतल्या मातीवर याचा उपयोग नाही. तिथे विषाणू महिनोन्महिने टिकतो. चपला दाराबाहेरच.

सिंहगडरोडकर
मनापासून आभार. शी पातळ आहे त्याचं काय करू? घरचे दूध थोडं पातळ करून द्या म्हणतात. आणि काल कानात एक गोचीड सापडला.

हडपसरची मनी
दूध बंद, पातळ केलेलंही. लॅक्टोज पचत नाही. पपी फूड कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवून दिवसातून चार वेळा द्या. उरलेलं अर्ध्या तासात उचला, पावसाळी हवेत लगेच आंबतं. वरून कॅल्शियमचं सिरप नको. लॅबसारख्या मोठ्या जातीत जास्तीच्या कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते.

दुसरं कारण जंत. ते गर्भातून आणि दुधातूनच येतात, त्यामुळे 'घरातच असतं' याला अर्थ नाही. आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा औषध. मात्रा वजनावर ठरते, म्हणून त्याला घेऊन काट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. हिरड्या फिकट दिसल्या तर हुकवर्मची (आतड्यात रक्त पिणारा जंत) शंका घ्या.

उलटी, खाणं बंद, मलूलपणा, शीमध्ये रक्त किंवा उग्र वास, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी शीची पार्व्हो टेस्ट करा. 'सकाळी बघू' नको, या वयात पाणी झपाट्याने कमी होतं. ताप १०२.५ फॅरनहाइटच्या वर. क्रोसिन किंवा माणसांची जुलाबाची गोळी अजिबात नाही.

पाषाणचा पावटा
गोचिडाला चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि डेटॉलच्या पाण्यात बुडवा. बोटांनी चिरडू नका. रॉकेल, कापूर लावू नका, कापूर कुत्र्यांना विषारी आहे. गोचिडाच्या गोळ्या आठ आठवड्यांनंतर, तोवर फिप्रोनिलचा स्प्रे डॉक्टर सांगतील तेवढाच. मादी गळून पडते आणि बाल्कनीच्या फटीत हजारो अंडी घालते, त्यामुळे फटी सिमेंटने बुजवा. एहर्लिकिया, बबेसिया हे ताप गोचिडांमुळेच येतात.

पार्किंगमध्ये उंदीर असतील तर लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) लशीचंही विचारा. बऱ्याच 'इन वन'मध्ये तो असतो, पण त्याचा नेमका कोणता प्रकार हे स्टिकर वाचून बघा. दुसरा डोस २ ते ४ आठवड्यांत, नंतर दरवर्षी. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, तो माणसांनाही होतो.

सिंहगडरोडकर
उद्या सकाळी दवाखान्यात नेतोय.

हडपसरची मनी
सकाळची ताजी शी झाकणाच्या डबीत घेऊन जा, दोन तासांपेक्षा जुनी नको. आणि ते कार्डही न्या, नवीन कार्ड मागायला.