मदत हवी आहे: भाचीची कातडी कडक होत चाललीय

आम्ही फोंड्याचे. माझी सात वर्षांची भाची यंदा चवथीला आरतीनंतर मांडी घालून बसूच शकली नाही. मांड्यांची आणि कमरेची कातडी लाकडासारखी घट्ट, चिमटीत धरायला गेलं तर सुटतच नाही. खुबे आणि गुडघे पूर्ण वाकत नाहीत, चालताना पंजांवर जाते. बोटं मात्र मऊ आहेत, थंडीत पांढरी पडत नाहीत, म्हणून डॉक्टर म्हणाले की हा स्क्लेरोडर्मा (कातडी कडक करणारा दुसरा आजार, त्यात सहसा बोटंही कडक होतात आणि थंडीत पांढरी पडतात) वाटत नाही, ‘स्टिफ स्किन सिंड्रोम’ असावा. यात फायब्रिलिन-१ हे कातडीला लवचीक ठेवणाऱ्या धाग्यांतलं प्रथिन बनवणाऱ्या एफबीएन१ जनुकात बदल असतो, हे 2010 साली कळलं. आतले अवयव सहसा बरे राहतात, एवढाच काय तो धीर. खात्रीचं औषध नाही, सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपी रोज हवी.

आधी दीड वर्ष एका ठिकाणी ‘वाताचा त्रास’ म्हणून नुसतं तेल चोळायला लावलं, तो वेळ गेला याचं फार वाईट वाटतं.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवतोच आहोत. पण जनुक तपासणी कुणी करून घेतली आहे का? कुठे, खर्च किती? फोंडा-म्हार्दोळ भागात लहान मुलांना सांभाळून घेणारे फिजिओथेरपिस्ट माहीत आहेत? असं मूल कुणाच्या घरी असेल तर कृपया लिहा, बहीण रात्र रात्र झोपत नाही.