टर्नरच्या ‘ब्लू रिगी’तील निळा रंग

प्रश्न: इंग्रज चित्रकार टर्नरच्या १८४२ च्या ‘ब्लू रिगी’ या जलरंगचित्रात स्वित्झर्लंडमधील रिगी डोंगर निळा असूनही पहाट स्वच्छ उजळते, कोल्हापूरच्या रंकाळा तलावाची पहाट रंगवताना माझा निळा मात्र मळतो. असे का होत असावे?

उत्तर १: खालचा पिवळा थर पूर्ण वाळण्याआधी आपण निळा चढवत असाल, तर दोन्ही मिसळून हिरवट मळ उरणारच. प्रत्येक थर पातळ ठेवावा आणि कुंचला पुन्हा फिरवू नये.

उत्तर २: ‘ब्लू रिगी’तील पहाटेचा तारा पांढऱ्या रंगाने काढलेला नाही, वाळलेला रंग खरवडून टर्नरने कोरा कागद उघडा केला आहे. ब्लेडच्या टोकाने हे साधते, मात्र कागद जाडच हवा, आणि कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत तो आतून ओलसर राहिल्यास तंतू उचकटतात.

उत्तर ३: कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची रंकाळ्याची चित्रेही अवश्य पाहावीत.